जागर एकट्याने होत नाही

१८ डिसेंबर २०२२, रविवारची रात्र. मार्गशीर्षाचा वद्य पक्ष चालू होता आणि गोमंतकात जत्रांचे व काल्यांचे दिवस होते. कतार देशातील लुसेल येथे विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना आपल्या घड्याळाप्रमाणे साडेआठ वाजता सुरू व्हावयाचा होता. आमच्या वाड्यावरील पंधरा-वीस मुले त्याच्या चार दिवस आधी देवस्थानच्या कार्यालयात आली व त्यांनी अग्रशाळेचे मोठे दालन एका रात्रीपुरते मागितले. पडदा ती आणणार होती, प्रोजेक्टर ती आणणार होती, विजेचा खर्च देण्याचीही तिची तयारी होती. समितीतील वडीलधाऱ्यांनी अर्ज वाचला आणि "बाबांनो, देवळाच्या आवारांत असलें कांय नाका," एवढे बोलून तो परत केला. मुले मुकाट्याने गेली. त्या रात्री त्यांतली काही हमरस्त्यावरच्या बारमध्ये जाऊन बसली, काही आपापल्या घरी मोबाईल हातात धरून बसली. अर्जावर तीन मुलींच्याही सह्या होत्या. त्या कोठे बसल्या, हे विचारावयाचे कोणास सुचले नाही.

यानंतर अकरा महिन्यांनी, १९ नोव्हेंबर २०२३ रोजी, अहमदाबाद येथे क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. त्याच समितीने त्याच अग्रशाळेत स्वतःच्या खर्चाने पडदा उभारला, खुर्च्या मांडल्या आणि मंडळींस चहाही दिला. आमचा क्रिकेटवर राग नाही. आम्हीही तेथे बसलो होतो आणि भारत हरल्यावर इतरांबरोबर खाली मान घालून उठलो. परंतु घरी परतताना एक प्रश्न आमच्या मनात टोचू लागला, तो आजतागायत गेलेला नाही. देवळाच्या आवारात पडदा चालतो, खेळ चालतो, टाळ्या व आरोळ्या चालतात. तर मग अकरा महिन्यांपूर्वी नेमके काय चालले नव्हते?

हा लेख आम्ही दुसऱ्यांस दोष देण्यासाठी लिहीत नाही. अर्ज नाकारला गेला त्या बैठकीस आम्ही हजर होतो आणि गप्प बसलो होतो. ते गप्प बसणे चुकीचे होते, असे आमचे आता स्पष्ट मत झाले आहे. आमचे म्हणणे थोडक्यात सांगावयाचे तर असे: एकत्र बसून पाहण्याची जागा पुरविणे हे आमच्या देवस्थानांचे फार जुने कार्य आहे, मोबाईलच्या या काळात ते कार्य अधिक निकडीचे झाले आहे, आणि फुटबॉलच्या जागतिक स्पर्धेस त्यातून वगळणे हा अन्यायही आहे आणि आत्मघातही.

पावित्र्याचा आक्षेप आम्ही प्रथम घेतो, कारण तो प्रामाणिक आहे. देऊळ हे उपासनेचे स्थान आहे, तेथे करमणूक कशाला, असे विचारणाऱ्यांच्या भावनेविषयी आम्हांस आदर आहे. पण आमच्या देवळांची रचनाच त्यांस उत्तर देते. गर्भगृह वेगळे, चौक वेगळा, सभामंडप वेगळा, आणि देवळाबाहेर तळ्याच्या काठी किंवा प्राकाराच्या कडेला उभी असलेली अग्रशाळा वेगळी. आमच्या पूर्वजांनी प्रत्येक जागेस तिचे काम नेमून दिले होते. गर्भगृहात कोणी पडदा लावा म्हणेल तर त्यास विरोध करणाऱ्यांत आम्ही पहिले असू. परंतु अग्रशाळा ही कुळाव्यांना उतरावयास, लग्नमुंजींच्या पंगतींस, नाटकमंडळींच्या मुक्कामास बांधलेली वास्तू आहे. तिच्या भिंतींनी रंगलेले चेहरे पाहिले आहेत, पेट्यांचे आणि तबल्यांचे सूर ऐकले आहेत.

आणि मंडपाचे तरी काय? जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावतारी खेळ होतो. संकासुर आपल्या बोलीत देवाब्राह्मणांचीही टर उडवितो आणि बायकामुले पोट धरून हसतात. गोमंतकातील मराठी रंगभूमी वाढली ती नाट्यगृहांत वाढली नाही. उत्सवांच्या निमित्ताने देवळांसमोर उभारलेल्या मांडवांत वाढली. मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांसारखा नट-गायक या देवळांच्या सावलीत जन्मास आला. १९८७-८८ साली दूरदर्शनवर रामायणाची मालिका लागे, तेव्हा गावोगाव टीव्हीच्या पेटीस हार घालून माणसे दाटीवाटीने बसत. २२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येचा सोहळा देशभर देवळादेवळांतून पडद्यांवर पाहिला गेला. तेव्हा पडदा विटाळतो असे म्हणण्यास जागा राहिलेली नाही. विटाळतो तो फुटबॉल, असे म्हणावयाचे असेल तर तसे उघड म्हणावे, म्हणजे त्याचे उत्तर देता येईल.

खाजगीत ते म्हटले जातेच. "तो खेळ आपला नव्हे," असे आमच्या कानी अनेकदा आले आहे. तो पाखल्यांचा खेळ, इगर्जीच्या मैदानावरचा खेळ. आपल्या मुलांनी त्यासाठी रात्री का जागवाव्यात? या म्हणण्यात जितका आवेश आहे तितकी माहिती नाही. गोमंतकात हा खेळ पोर्तुगीज सरकारने आणला नाही. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूने तो शिवोली येथे आणला, असे सांगितले जाते. त्याच शिवोलीत नाताळानंतरच्या दिवसांत दरवर्षी जागोर होतो, आणि त्या रात्री गावातील हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही आपापला मान घेऊन एकाच मांडावर जागतात. ज्या गावाने हा खेळ प्रथम पाहिला, त्याच गावाने एकत्र जागावे कसे हेही आम्हांस शिकविले आहे. पहिली गोष्ट परक्यांची म्हणून टाकणाऱ्यांनी दुसरीकडे तरी पाहावे.

पुढचा इतिहासही आमच्याच घरचा आहे. १९५६ साली साळगावकरांनी आपला संघ उभा केला. १९६८ साली धेंप्यांनी आपला संघ काढला, आणि त्या संघाने पुढे राष्ट्रीय साखळीचे विजेतेपद पाच वेळा गोव्यात आणले. ही घराणी कोणत्या देवस्थानांची महाजन आहेत, हे आमच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको. मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या नावाचा सुवर्णचषक फुटबॉलसाठी खेळला गेला. ब्रह्मानंद शंखवाळकर हे भारतीय संघाचे गोलरक्षक होते आणि कर्णधारही. त्यांस १९९७ साली अर्जुन पुरस्कार आणि २०२२ साली पद्मश्री मिळाली. २०१२ साली गोवा शासनाने फुटबॉल हा राज्याचा क्रीडाप्रकार म्हणून घोषित केला. गोव्याबाहेरच्या आमच्या वाचकांपैकी हैदराबादकरांस तर हे सारे पटवून देण्याची गरजच नाही. त्यांच्या शहराच्या सय्यद अब्दुल रहीम यांनी घडविलेला भारतीय संघ १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ साली जाकार्ता येथे त्याने आशियाई सुवर्णपदक मिळविले.

राहिला पोर्तुगालचा प्रश्न, कारण आक्षेपाचे मूळ तेथे आहे. आपली मुले पोर्तुगालच्या संघाचा सदरा घालून फिरतात, याचे शल्य ज्या पिढीने १९६१ पूर्वीचे दिवस पाहिले तिला वाटावे, हे आम्ही समजू शकतो. परंतु त्या पिढीने १९६६ सालही आठवावे. इंग्लंडमध्ये झालेल्या त्या स्पर्धेत पोर्तुगाल तिसरा आला. उत्तर कोरियाविरुद्ध तीन गोलांनी मागे पडलेल्या त्या संघास एका खेळाडूने चार गोल करून वाचविले आणि सामना ५-३ असा फिरविला. तो युसेबियो मोझांबिकमध्ये जन्मलेला होता. संघाचा कर्णधार मारिओ कोलुना हाही मोझांबिकचाच. त्यांचा देश १९७५ पर्यंत त्याच पोर्तुगीज राजवटीच्या जोखडाखाली होता, ज्यातून आम्ही १४ वर्षे आधी सुटलो होतो. त्या विजयाचे श्रेय लिस्बनने स्वतःकडे घेतले, पण पाय आमच्यासारख्याच जितांचे होते. ज्यास हे ठाऊक आहे, त्यास युसेबियोचा खेळ पाहून पारतंत्र्याची आठवण येईल आणि अभिमानही वाटेल. ज्यास ठाऊक नाही, त्याच्या हाती केवळ एक रंगीत सदरा राहील. हे सांगणारे कोणी वडील माणूस मुलांच्या शेजारी बसलेले असावे, म्हणून तर आम्ही एकत्र पाहण्याचा आग्रह धरीत आहो.

आता मोबाईलकडे वळू. "आज प्रत्येकाच्या हातात पडदा आहे, मग देवस्थानचा पडदा कशास हवा?" हा आक्षेप वरवर सर्वांत शहाणपणाचा दिसतो, आणि आमच्या मते सर्वांत घातक आहे.

आम्ही दोन रात्रींची तुलना करतो. २९ जून १९८६ ची रात्र, बाहेर मिरगाचा पाऊस. मेक्सिकोतील अंतिम सामना रात्री साडेअकरास दूरदर्शनवर लागला. वाड्यावर टीव्ही असलेली घरे तेव्हा तीन होती. त्यांतल्या एका घराच्या बाल्कांवावर, पायऱ्यांवर आणि खिडकीशी छत्र्या धरून मिळून साठ-सत्तर माणसे. त्यांत आमचे भटजीकाका होते, शेजारच्या वाड्यावरचा पदेरही होता. अर्जेंटिना दोन गोलांनी पुढे. पश्चिम जर्मनीने ऐंशीव्या मिनिटाच्या सुमारास बरोबरी साधली. आणि मग मॅराडोनाने पुढे टाकलेला चेंडू घेऊन बुरुचागा धावत सुटला. गोल झाला तेव्हा जी आरोळी उठली, ती एक होती. एका क्षणी, एका कंठातून निघावी तशी.

२०२२ च्या त्या रात्रीही अर्जेंटिना दोन गोलांनी पुढे होती, आणि ऐंशीव्या मिनिटापासून दोन मिनिटांच्या आत फ्रान्सच्या एम्बापेने दोन गोल करून बरोबरी साधली. आम्ही घरी मोबाईलवर पाहत होतो. आमच्या पडद्यावर चेंडू अजून मध्यभागी होता, तोच डाव्या हाताच्या घरातून "गोल जालो!" अशी आरोळी आली. त्यांच्याकडे डिश होती. काही क्षणांनी समोरच्या घरातून आरोळी आली, मग आमच्या हातातल्या पडद्यावर गोल झाला, आणि आम्ही थंडपणे तो पाहिला. कारण बातमी आधीच शिळी झाली होती. आमच्या मागाहून आणखी एका घरातून आरोळी ऐकू आली. एकाच गोलाच्या चार आरोळ्या, चार वेगवेगळ्या वेळी.

यात कोणाचा दोष नाही. त्या यंत्रणेची रीतच तशी आहे. इंटरनेटवरून येणारे चित्र प्रथम काही सेकंदांच्या तुकड्यांत कापले जाते, ते तुकडे एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जातात, आणि आपला मोबाईल असे काही तुकडे गाठीस ठेवून मगच पहिला दाखवितो, म्हणजे मध्येच चित्र थांबू नये. म्हणून उपग्रहावरून येणाऱ्या चित्राच्या मागे ते कधी वीस सेकंद राहते, कधी अर्धा मिनिट. आणि दोन मोबाईलही एकमेकांबरोबर चालत नाहीत. आरतीची कल्पना करा. पाच घरांत पाच जण आरती म्हणत आहेत, प्रत्येकाची झांज वेगळ्या मात्रेवर पडते आहे. प्रत्येकाने आरती म्हटली हे खरे. पण वाड्याची आरती झाली, असे कोणी म्हणेल काय? त्या अंतिम सामन्याविषयी प्रसारण करणाऱ्या कंपनीने मोठ्या अभिमानाने सांगितले की, आपल्या अ‍ॅपवर तो तीन कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. आकड्याने आम्हीही थक्क झालो. मग मनात आले की यांतले किती जण त्या क्षणी कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून उभे होते?

यापेक्षाही गंभीर गोष्ट मालकीची आहे. सामने दाखविण्याचा हक्क लिलावाने विकला जातो आणि जो विकत घेतो त्याच्या दयेवर पाहणारा राहतो. २०२२ ची विश्वचषक स्पर्धा मोबाईलवर फुकट दिसली, म्हणून आम्ही खूष झालो. दोन वर्षांनी, २०२४ साली, युरोपीय देशांची स्पर्धा जर्मनीत झाली तेव्हा अ‍ॅपवर ती पाहण्यासाठी वर्गणी भरावी लागली. फुकट मिळणे ही व्यापाऱ्याची मर्जी होती. आमचा हक्क नव्हता. २००७ साली आपल्या संसदेने कायदा करून राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्र खाजगी वाहिन्यांनी प्रसारभारतीस दिले पाहिजे, अशी सक्ती केली. उत्पन्नाचा पाऊण हिस्सा वाहिनीचा आणि पाव प्रसारभारतीचा, असे प्रमाणही ठरविले. परंतु २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, हे चित्र प्रसारभारतीने केबलवाल्यांमार्फत पोहोचवू नये. इंटरनेटविषयी तर त्या कायद्यात सक्ती नाहीच. घरांच्या कौलांवरचे जुने अँटेना केव्हाच उतरले. परिणाम असा की कायदा कागदावर राहिला आणि ज्याच्या घरी दूरदर्शनची मोफत डिश नाही, त्यास त्याचा उपयोग उरला नाही.

दुसऱ्या देशांत यासाठी लोक भांडले आहेत. ब्रिटनमध्ये १९९६ च्या कायद्याखाली विश्वचषकाची संपूर्ण मुख्य स्पर्धा सर्वांना मोफत दिसणाऱ्या वाहिन्यांसाठी राखून ठेवलेली आहे. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, म्हणजे फिफाने, त्याविरुद्ध युरोपच्या न्यायालयांत दाद मागितली आणि २०१३ साली ती अखेर हरली. तेथील लोकांनी आपला हक्क असा राखला. आमचे लोक मोबाईलवर पुढल्या महिन्याची वर्गणी भरून मोकळे होतात, कारण एकेकटा माणूस भांडत नाही. भांडतो तो समुदाय. आणि समुदाय जमावयास आधी जागा लागते.

केरळातले उदाहरण आम्हांस फार बोलके वाटते. २०२२ च्या स्पर्धेपूर्वी कोचीजवळच्या एका गावातील १७ मित्रांनी २३ लाख रुपये जमवून एक घर विकत घेतले, केवळ सामने एकत्र बसून पाहता यावेत म्हणून. वर्तमानपत्रांत ही बातमी वाचून आम्ही हसलो होतो. आता आम्हांस हसू येत नाही. त्या मित्रांना जे विकत घ्यावे लागले, ते आमच्या प्रत्येक देवस्थानापाशी शेदीडशे वर्षे उभे आहे आणि वर्षातले तीनशे दिवस कुलूप लावून ठेवलेले आहे.

दारू आणि जुगार यांची भीती काही जण घालतात. ही भीती खोटी नाही. पण तिचे बोट चुकीच्या दिशेस आहे. दारू बारमध्ये मिळते, आणि आमच्या मुलांना बारमध्ये धाडले ते आमच्या नकारानेच. सट्टा मोबाईलच्या एकांतात फोफावतो, हे पाहूनच २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. कायदा होईल, पळवाटाही निघतील. परंतु शेजारी मामा बसला आहे, पलीकडे शाळेतल्या बाई बसल्या आहेत, अशा ठिकाणी कोणता मुलगा पैजेचे पैसे लावील? वडीलधाऱ्यांची नजर हे जे जुने औषध आमच्याकडे आहे, ते वापरावयास वडीलधाऱ्यांनी तेथे असावयास हवे.

आवाजाचा प्रश्नही सुटण्यासारखा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि तो नियम आमच्या काल्यांनाही जाचतो, हे खरे. म्हणूनच उघडे मैदान न मागता बंद दालन मागावे, आणि आवाज दालनापुरता ठेवावा. मुलांनी अर्जात नेमके हेच लिहिले होते. आम्ही तो अर्ज नंतर पुन्हा वाचला तेव्हा आमच्या ध्यानात आले की, मुलांनी नियम वाचले होते आणि समितीतल्या आम्ही कोणीही वाचले नव्हते.

सर्वांत अवघड गोष्ट आम्ही शेवटी ठेवली आहे. त्या तीन सह्या. जानेवारीत त्यांतली एक मुलगी आम्हांस देवळाच्या पायऱ्यांवर भेटली. शाळेच्या संघातून खेळणारी मुलगी; २०२२ च्या ऑक्टोबरात मडगावच्या फातोर्डा मैदानावर १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे सामने झाले, तेव्हा ती ते पाहून आली होती. अंतिम सामना पाहिलास काय, असे आम्ही सहज विचारले. ती म्हणाली, "काका, आमी पळोवंक खंय वचचें?" घरात मोबाईल एक, तो भावाच्या हातात, आणि भाऊ बारमध्ये. बाहेर जावे तर सुरक्षित, दिव्याची, ओळखीच्या बायाबापड्यांनी भरलेली जागा नाही. अशी जागा सबंध गावात एकच आहे, आणि तिचे कुलूप आमच्या हातात होते. त्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. दशावताराच्या रात्री ज्या मंडपात तिची आई आणि आजी पहाटेपर्यंत निर्धास्त बसल्या, त्या आवारात तिला एका रात्रीपुरती जागा न देणारे आम्ही, पावित्र्याचे रक्षण करीत होतो म्हणे.

महाजनहो, थोडा विचार आपल्या स्वार्थाचाही करा. गेल्या सप्ताहात पहाटे दोनच्या पाळीस झांज धरावयास आमच्या देवळात सात माणसे होती, त्यांतली पाच साठीच्या पुढची. वास्कोच्या दामोदर सप्ताहात अखंड भजन चालते ते पाळ्या भरणारी तरुण माणसे आहेत म्हणून. ज्यांच्या आनंदास आपण दार लावतो, त्यांनी आपल्या उपासनेस खांदा द्यावा, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची? जो मुलगा अग्रशाळेत सामना पाहावयास येईल, तो जाताना पायरीला हात लावील. दिवा मालवावयास थांबेल. झाडू मारील. पुढच्या सप्ताहास त्यास बोलवावयाचे झाले तर निदान त्याचे नाव आपणास ठाऊक असेल.

आमची मागणी मोठी नाही. जागतिक स्पर्धेचे उपांत्य व अंतिम सामने तरी प्रत्येक मोठ्या देवस्थानाने अग्रशाळेत दाखवावेत. देवाचे नित्यकृत्य, पालखी वा उत्सव यांच्या वेळेस पडदा बंद असावा; शेजारतीनंतरच तो उघडावा. तिकीट लावू नये, जाहिरातदार आणू नये. तसे केले की कार्यक्रम व्यापारी ठरतो आणि परवान्याचे प्रश्न उभे राहतात. हक्क ज्या वाहिनीकडे असतील तिला आधी पत्र लिहून विचारावे. व्यवस्था मुलामुलींच्या मंडळाकडे द्यावी, आणि समितीतील दोघांनी शेवटपर्यंत बसावे. ते पहारा म्हणून बसू नयेत, प्रेक्षक म्हणून बसावेत. दार जातीचे वा धर्माचे नाव न विचारता उघडे असावे. १९८६ साली पदेर आमच्याबरोबर भिजत उभा होता. त्याच्या नातवास आम्ही आत खुर्ची देऊ शकतो.

विश्वचषक स्पर्धा आता ४८ संघांची आणि १०४ सामन्यांची झाली आहे. २०३० सालची स्पर्धा मोरोक्को, स्पेन आणि पोर्तुगाल यांच्याकडे दिलेली आहे. पोर्तुगाल यजमान म्हटल्यावर जुने आक्षेप पुन्हा डोके वर काढतील, आणि मुलेही पुन्हा अर्ज घेऊन येतील. यावेळी त्यांस "नाका" म्हणण्यापूर्वी समितीने एवढेच आठवावे की, जागर हा शब्द आमच्या देवळांनीच या भूमीस दिला, आणि तो एकट्याने होत नाही.

त्या बैठकीस आम्ही असू, आणि गप्प बसणार नाही. अग्रशाळेची किल्ली कोणाकडे असते, हे आम्ही विचारून ठेवले आहे.